मोरपंखीचे बोन्साय : पाइन नसलेल्या मुलखात आलेली एक कला

१/
बुलढाणा जिल्ह्यात मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना सुलतानपूर लागते. लोणारचे विवर येथून दहा-बारा किलोमीटरवर. भोवती काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर. बांधावर बाभूळ आणि कडुनिंब. या साऱ्या परिसरात पाइन, देवदार, जुनिपर यांपैकी एकही झाड आपण होऊन उगवत नाही. तरीही त्यांच्याच गोत्रातले एक झाड शाळांच्या आवारात, दवाखान्यांपुढे, घरांच्या फाटकाशी हमखास आढळते. ते म्हणजे मोरपंखी.

२/
हा धागा त्या मोरपंखीचा आणि तिच्यावर साधता येणाऱ्या एका कलेचा आहे. सूचिपर्णी झाडांचे बोन्साय ही कला थंड, डोंगराळ प्रदेशांत वाढली. ती दख्खनच्या उन्हात आली तेव्हा तिच्यात काय बदलावे लागले, आणि रोपवाटिकेतल्या ओबडधोबड रोपापासून घरच्या अंगणात तिचा आरंभ करणे का योग्य ठरते, हे तिच्या इतिहासातूनच उलगडत जाते.

३/
मराठीत ‘बोन्साय’ हा शब्द आज बऱ्याचदा टीकेसाठी वापरला जातो. एखाद्या गुणी माणसाला वाढू दिले नाही की ‘त्याचे बोन्साय केले’ असे म्हणतात. झाडाला उपाशी ठेवून, छळून खुरटवण्याची ही विद्या आहे, असा समज त्यामागे आहे. तो कितपत खरा, याचे उत्तर या कलेचा कच्चा माल कुठून येत गेला, या प्रश्नात दडलेले आहे.

४/
आरंभ मात्र विदर्भातूनच करता येतो. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी १८५० च्या सुमारास नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांतून जीवाश्म गोळा केले. पुढे १९३१ मध्ये पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी त्यांतील एका शंकूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गावाच्या नावावरून त्याला ‘टाकलिओस्ट्रोबस’ हे नाव दिले. तो शंकू सूचिपर्णी झाडाचा होता.

५/
म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा काळा खडक लाव्ह्याच्या रूपात पसरत होता त्या काळात, विदर्भात सूचिपर्णी झाडे उभी होती. पुढे भूखंड सरकला, हवामान बदलले आणि ती नाहीशी झाली. आज सबंध दक्षिण भारतात या गटातले एकच मूळनिवासी झाड उरले आहे. तेही सह्याद्रीच्या अगदी दक्षिणेकडच्या ओलसर जंगलांत. महाराष्ट्रात दिसणारे प्रत्येक सूचिपर्णी झाड माणसाने आणून लावलेले आहे.

६/
मोरपंखीचे माहेर उत्तर चीन आणि कोरिया. ‘सूचिपर्णी’ या नावावरून सुईसारखी पाने डोळ्यांपुढे येतात; मोरपंखीची पाने मात्र खवल्यांसारखी, एकावर एक दाटलेली आणि पंख्यासारख्या उभ्या फांद्यांवर बसलेली असतात. चीनमध्ये हे झाड देवळांत आणि समाधींपाशी लावतात. शान्शी प्रांतात पीतसम्राटाच्या समाधिस्थळी एक अतिप्राचीन मोरपंखी आहे. ती त्या पुराणपुरुषानेच लावली, अशी तिथली श्रद्धा आहे.

७/
इकडे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनी तिच्याशी वेगळेच नाते जोडले. तिच्या चपट्या फांदीचा तुकडा वहीच्या पानांत ठेवायचा, त्याला ‘विद्या’ म्हणायचे, आणि तो ठेवला की अभ्यास येतो असे मानायचे. चीनमध्ये जी दीर्घायुष्याची खूण, ती इथे विद्येची झाली. पण तिच्या अंगी असलेला तिसरा गुण बहुतेक अंगणांत दुर्लक्षित राहिला. तो गुण ओळखायला आधी बाराशे-तेराशे वर्षे मागे जावे लागते.

८/
कुंडीत झाड आणि खडक मांडून छोटे निसर्गदृश्य उभे करण्याची कला चीनमध्ये जन्मली. तिला पुढे ‘पेनजिंग’ हे नाव मिळाले. तांग राजवंशातील राजपुत्र झांगहुआय याची इ.स. ७०६ मधील समाधी १९७० च्या दशकाच्या आरंभी उत्खननात उघडली गेली. तिच्या भिंतीवरील चित्रात एक सेवक हातांत तबक धरून उभा आहे आणि तबकात छोटे खडक व रोपे आहेत. या कलेचा हा सर्वांत जुन्या स्पष्ट पुराव्यांपैकी एक मानला जातो.

९/
भारतीय बोन्सायप्रेमींत ‘वामनवृक्ष’ हा शब्द रूढ आहे, आणि ही कला मुळात आपलीच, असेही अनेकदा सांगितले जाते. शब्द सुंदर आहे. बटू वामनाने तीन पावलांत त्रिभुवन व्यापले, तशी लहान कुंडीत मोठ्या वृक्षाची प्रतिमा. आपल्याकडे वृक्षायुर्वेदाची परंपराही जुनी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त त्यावर एक अध्यायच आहे. पण लागवड आणि कलम यांचे ज्ञान वेगळे, आणि तबकातल्या झाडाला कलाकृती मानणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा ठोस पुरावा चीनकडेच बोट दाखवतो.

१०/
चीनमधून ही कला बौद्ध भिक्षूंच्या हातून जपानमध्ये गेली. १३०९ च्या ‘कासुगा गोंगेन गेन्की’ या चित्रपटात श्रीमंताच्या अंगणात तबकांतली झाडे दिसतात. जपानी लोक त्यांना दीर्घकाळ ‘हाचि-नो-कि’, म्हणजे कुंडीतले झाड, म्हणत. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लागवड, हे नाव सर्वत्र रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात.

११/
‘हाचि-नो-कि’ याच नावाचे एक नो नाटक आहे. हिमवर्षावाच्या रात्री एक दरिद्री सामुराई वाटसरू भिक्षूला आसरा देतो. घरात जळण नसते. तेव्हा तो प्राणापलीकडे जपलेली प्लम, चेरी आणि पाइनची तीन कुंडीतली झाडे तोडून पाहुण्यासाठी शेकोटी पेटवतो. भिक्षू हा वेषांतर केलेला सत्ताधीश निघतो आणि त्या तीन झाडांच्या नावांची तीन गावे त्याला इनाम देतो.

१२/
या कथेत बोन्सायविषयी एक महत्त्वाची गोष्ट आहे. घरातले सारे गेले तरी त्या माणसाने ही तीन झाडे राखली होती. शेवटी पाहुण्यासाठीच ती खर्ची पडली. झाड खुरटवून त्यावर मालकी गाजवण्याचा भाव तिथे दिसत नाही. वर्षानुवर्षे पाणी घातलेली एक जबाबदारी दिसते. एडो काळातही हाच धागा पुढे गेला. तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सु (१६०४–१६५१) याच्याशी नाव जोडलेले एक पाच सुयांचे पाइन आजही टोकियोच्या राजवाड्याच्या संग्रहात जिवंत आहे.

१३/
आता कच्च्या मालाकडे. जुन्या जपानमध्ये उत्तम झाड मिळवण्याचा मार्ग डोंगरात होता. कड्याच्या कपारीत, वाऱ्याच्या माऱ्यात शेकडो वर्षे वाढून आपोआप ठेंगणी आणि पिळदार झालेली झाडे खणून आणत. अशा झाडांना ‘यामादोरी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘शिम्पाकु’ या जुनिपरची कीर्ती पसरली. आधी शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वत आणि नंतर नीगाता प्रांतातील इतोइगावाजवळचे कडे ही त्याची माहेरघरे.

१४/
दोर लावून कड्यावरून खाली उतरायचे आणि चुनखडीच्या भेगेतून झाड सोडवायचे, असा हा धंदा. त्यात माणसांचे जीव गेले. जी झाडे खाली आली त्यांतलीही अनेक जगली नाहीत; कपारीत खोल गेलेले मूळ तोडले की वर कितीही हिरवे दिसले तरी झाड आतून संपलेले असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते कडे जवळजवळ रिकामे झाले. आज बाजारात मिळणारे बहुतेक शिम्पाकु त्या डोंगरी झाडांच्या छाट कलमांची संतती आहे.

१५/
बोन्सायच्या इतिहासातले हे खरे वळण आहे. डोंगरातले पुरातन झाड सोडून कलाकाराला स्वतः वाढवलेल्या झाडाकडे यावे लागले. जो पीळ वाऱ्याने दोनशे वर्षांत दिला, तो तारेने वीस वर्षांत कसा द्यावा, हा प्रश्न उभा राहिला. आधी ताग-दोऱ्या, बांबूच्या कामट्या आणि वजने वापरत. विसाव्या शतकाच्या आरंभी तांब्याची तार रूढ झाली आणि फांदीला हव्या त्या दिशेने वळवणे घरगुती माणसालाही शक्य झाले.

१६/
१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि आगीने टोकियो उद्ध्वस्त झाले. तिथल्या बोन्साय व्यावसायिकांनी १९२५ पासून ओमिया येथे नवी वसाहत वसवली. वसाहतीचे नियम लक्षणीय होते: प्रत्येक रहिवाशाकडे किमान दहा बोन्साय असावीत, फाटक सर्वांसाठी उघडे असावे, घर दुमजली नसावे, कुंपण जिवंत झाडांचे असावे. शेजाऱ्याच्या झाडावर सावली पडू नये एवढ्यासाठी आपल्या घराचा मजला सोडून देणारे हे गाव होते.

१७/
रोपवाटिकेच्या रोपापासून थोर कलाकृती होऊ शकते, याचा सर्वांत गाजलेला दाखला मात्र जपानबाहेरचा आहे. जॉन नाका (१९१४–२००४) हे अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे बागकामगार. १९४८ मध्ये त्यांनी ‘फोमिना’ या साध्या बागेतल्या जुनिपरच्या रोपावर काम सुरू केले. पुढे तशीच रोपे जोडत त्यांनी एक वन उभे केले. त्यातली अकरा झाडे म्हणजे त्यांची अकरा नातवंडे. ‘गोशिन’, म्हणजे आत्म्याचे रक्षण करणारे, हे त्याचे नाव. १९८४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहाला दिले गेले.

१८/
त्याच संग्रहात एक पांढरे पाइन आहे. १६२५ पासून कुंडीत वाढवलेले. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला ५३ बोन्साय भेट दिली, त्यांत मासारु यामाकी यांनी दिलेले हे झाड होते. २००१ मध्ये यामाकींचे नातू ते पाहायला आले, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला त्या वेळी हे झाड स्फोटस्थळापासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकींच्या बागेच्या भिंतीआड होते.

१९/
देणाऱ्याने पंचवीस वर्षे त्याचा उच्चारही केला नव्हता. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला त्याने घराण्याचे झाड दिले, तेही काही न सांगता. ‘बोन्साय करणे’ म्हणजे वाढ खुंटवणे, असे म्हणताना हे झाड आठवावे. जवळजवळ चारशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी रोज त्याला पाणी घातले आहे. उन्हाळ्यात दोन दिवस जरी दुर्लक्ष झाले असते, तरी ते इथवर पोहोचले नसते.

२०/
वनस्पतिशास्त्रही हेच सांगते. बोन्सायचे झाड मूळचे बुटके नसते. त्याच्या बीजात काही बदल झालेला नसतो. जमिनीत लावले तर ते पुन्हा उंच वाढू लागते. मुळे आणि शेंडे ठरावीक काळाने छाटून त्यांचा तोल राखला जातो. खत बंद करून, पाणी तोडून केलेले झाड बोन्साय होत नाही, ते मरते. छळ केलेले झाड तीनशे वर्षे जगत नाही.

२१/
महाराष्ट्रात ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, आणि ती मुख्यतः शहरांत. मुंबईत इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यासगटाच्या माध्यमातून निकुंज आणि ज्योती पारेख यांनी उष्ण प्रदेशातल्या झाडांवर भर दिला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उद्यान झाले. ते आज पु. ल. देशपांडे यांच्या नावाने ओळखले जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने पुण्यातच ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन व प्रदर्शन भरले.

२२/
इथल्या कलाकारांनी वड, पिंपळ, उंबर, चिंच ही आपली झाडे निवडली, ते योग्यच होते. जपानी पांढऱ्या पाइनला कडक हिवाळा लागतो. त्याशिवाय ते काही वर्षांत खंगत जाते. पाइनच्या रूपाची हौस मग अनेकांनी सुरूवर भागवली. कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरू पाइनसारखे दिसते, पण ते सपुष्प झाड आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे बारीक हिरव्या काड्या असतात. खऱ्या सूचिपर्णी गटातली, दख्खनचा उन्हाळा सोसणारी आणि गावोगावी मिळणारी मोरपंखीच. तिचा दुर्लक्षित तिसरा गुण तो हाच.

२३/
आता सुलतानपूरच्या अंगणात. पहिला प्रश्न मातीचा. काळी माती कपाशीला उत्तम, पण कुंडीत ती घात करते. पावसात फुगून चिकट होते, मुळांची हवा कोंडते. उन्हात आकसते आणि मुळे तोडते. जपानमध्ये ‘अकादामा’ ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार माती वापरतात. ती विकत आणण्याचे कारण नाही. दख्खनचा खडकही ज्वालामुखीचाच. खडी क्रशरवरची दोन ते पाच मिलिमीटरची कच, विटांचा चाळलेला चुरा आणि थोडे कुजलेले शेणखत, एवढ्यात काम होते. बारीक भुकटी मात्र चाळून, धुऊन टाकायलाच हवी.

२४/
दुसरा प्रश्न पंचांगाचा. जपानी पुस्तके कुंडी बदलण्यासाठी वसंताचा आरंभ सांगतात, कारण तिथे वसंतामागून सौम्य ऋतू येतो. विदर्भात वसंतामागून वैशाख येतो आणि पारा चाळिशी ओलांडतो. फेब्रुवारीअखेर मुळे छाटलेले झाड नवी मुळे फुटण्याआधीच उन्हात सापडते. म्हणून इथे मुळांचे काम मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावे. शेतकरी रोपे लावतो तोच काळ. फांद्यांची छाटणी आणि तार यांसाठी मात्र मार्गशीर्ष-पौषाची थंडी बरी.

२५/
तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि इथे अनुभवी बागाईतदारच चुकण्याचा संभव अधिक. संत्र्याचा बहार धरण्यासाठी झाडाला ‘ताण’ देण्याची सवय वैदर्भीय हाताला असते. संत्र्याची पाने मलूल होऊन ताण दाखवतात. मोरपंखी तसे काही दाखवत नाही. तिची मुळे वाळून मेली तरी पाने कित्येक आठवडे हिरवी राहतात. ती तपकिरी झाली की उपाय उरत नाही. इशिझुचीच्या कड्यावरून आणलेली झाडे ज्या भ्रमाने मेली, त्याच भ्रमाने अंगणातलीही मरतात.

२६/
रोपाची निवड करताना उंची पाहू नये. पिशवीतली वरची माती बोटाने बाजूला सारून बुंध्याचा तळ पाहावा. तिथे जाडी असावी, मुळे चहूबाजूंना पसरलेली असावीत, आणि बुंधा वर जाताना निमुळता होत जावा. रोपवाटिकेत मोरपंखी बऱ्याचदा एका पिशवीत दोन-तीन रोपे दाटून लावलेली असते, किंवा तळापासूनच अनेक खोडे फुटलेली असतात. बाजारात हा दोष मानतात. बोन्सायला तो उपयोगी पडू शकतो: एकाच तळातून निघालेली थोरली-धाकटी खोडे हा या कलेतला एक मान्य आकार आहे.

२७/
पहिले वर्ष काहीही कापू नये. झाडाला मोठ्या कुंडीत, सकाळच्या उन्हात रुळू द्यावे. आतल्या बाजूला साचलेली सुकी, तपकिरी पाने तेवढी हाताने काढावीत. त्याने प्रकाश आत जातो. उन्हाळ्यात लाल कोळी ही कीड धुळीबरोबर येते, म्हणून संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारावा. एप्रिल-मे मध्ये दुपारी शेडनेटची सावली द्यावी. जोमदार झालेल्या झाडावरच पुढचे संस्कार टिकतात.

२८/
दुसऱ्या हिवाळ्यात झाडाची समोरची बाजू ठरवावी आणि फांद्या निवडाव्यात. इथे सूचिपर्णी झाडांचा मुख्य नियम लक्षात ठेवायचा. वड कुठूनही फुटतो. त्याचा बोडका बुंधाही पावसात कोंबांनी भरतो. मोरपंखीच्या फांदीवरचे सारे हिरवे काढले तर ती फांदी बहुधा पुन्हा फुटत नाही. म्हणून फांदी आखूड करताना टोकाशी थोडी पालवी राखावी. एकाच वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हिरवे काढू नये. वडावर शिकलेला हात इथे आवरावा लागतो.

२९/
तारेसाठी अ‍ॅल्युमिनियमची मऊ तार किंवा जुन्या विजेच्या केबलमधली, आगीत तापवून मऊ केलेली तांब्याची तार चालते. बांधकामाची बाइंडिंग तार नको. ती गंजते आणि सालीत रुतते. तारेची जाडी फांदीच्या सुमारे एक-तृतीयांश असावी आणि वेटोळे पंचेचाळीस अंशांत बसावे. मोरपंखीचे उभे पंखे तारेने आडवे केले की झाड एकदम वयस्क वाटू लागते, कारण जुन्या झाडांच्या फांद्या वजनाने खाली झुकलेल्या असतात. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते. त्याआधी तार कापून काढावी. उलगडत बसू नये, फांदी मोडते.

३०/
जी फांदी नको ती बुंध्याशी छाटण्याऐवजी तिचा खुंट ठेवून साल सोलता येते. वाळल्यावर तो पांढरा पडतो. याला ‘जिन’ म्हणतात. बुंध्यावरील सोललेल्या पट्ट्याला ‘शारी’. वीज, बर्फ आणि वारा यांनी कड्यावरच्या जुनिपरवर जे केले, त्याची ही आठवण. विदर्भाच्या दमट पावसाळ्यात असे उघडे लाकूड मात्र कुजू शकते. म्हणून इथे हा प्रकार जपूनच करावा, आणि वाळलेल्या लाकडावर जपानी कलाकार लावतात तसा चुना-गंधकाचा पातळ हात उन्हाळ्यात द्यावा.

३१/
त्यानंतरच्या पावसाळ्यात मुळे. मुळांची सारी माती धुऊन ती उघडी करण्याचा मोह टाळावा. सूचिपर्णी झाडांच्या मुळांशी उपयुक्त बुरशीचे साहचर्य असते आणि जुन्या मातीबरोबर तेही निघून जाते. निम्मा गोळा तसाच ठेवून उरलेल्या बाजूची काळी माती काढावी, तिथे कचेचे मिश्रण भरावे. दुसरी बाजू दोन वर्षांनी. एका वर्षात एकच मोठी शस्त्रक्रिया, हा नियम पाळला तर झाडे वाचतात. बहुतेक झाडे मरतात ती अज्ञानापेक्षा उतावळेपणाने.

३२/
एक प्रश्न उरतो: डोंगरातून झाड खणून आणू नये का? राखीव वनातून झाड खणणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. त्याहून मोठे कारण इतोइगावाच्या रिकाम्या कड्यांवर लिहिलेले आहे. हिमालयातले जुनिपर अत्यंत सावकाश वाढते; तिथली उघडी जागा माणसाच्या आयुष्यात भरून येत नाही. जपानला ही गोष्ट कडे ओस पडल्यावर उमगली. अंगणातून आरंभ करणाऱ्याला ती किंमत मोजावी लागत नाही.

३३/
पाच-सात वर्षांनी त्या रोपाला बुंध्याची जाडी आणि फांद्यांचे थर येतात. दहा-बारा वर्षांनी उथळ कुंडी शोभू लागते. तोवर घरातली मुले शाळा संपवून बाहेरगावी गेलेली असतात. सुट्टीत आलेल्या मुलाने पाणी घालायचे, आजीने दुपारी शेडनेट ओढायचे, कोणी गावाला निघाले की शेजाऱ्याला सांगून जायचे. ओमियाच्या गावाने जे नियम लिहून केले, ते अशा घरात न लिहिता पाळले जातात.

३४/
टाकळीच्या खडकातला शंकू सांगतो की सूचिपर्णी झाडे या भूमीला एकदा सोडून गेली. मोरपंखी परदेशातून आली, फाटकाशी उभी राहिली आणि वहीत ‘विद्या’ होऊन बसली. तिच्यापासून केलेले बोन्साय पाहताना ‘खुरटलेले’ हा शब्द ओठांवर येण्याआधी, ते किती उन्हाळे पार करून आले आहे आणि त्या प्रत्येक उन्हाळ्यात रोज कोणी पाणी घातले, हे विचारावे.

(धागा समाप्त)
#इतिहास #बोन्साय #विदर्भ